चिमणीला काय झालंय?

"या दवाखान्यातून साधी शिंकसुद्धा बाहेर फुटणार नाही! भिंतींना कान असतात म्हणतात ना? आमच्या भिंतींचे कान मी कापलेत!"

असं कलमराव छाती फुगवून सगळ्यांना सांगायचे. कलमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचे मॅनेजर. पण रुग्णांच्या माहितीबद्दलचा नवा कायदा आला आणि हा भला माणूस सरळ बोलायचंच विसरला. चहा गार झाला तरी त्याला कुठलं कलम लागतं ते सांगायचे. लोकांनी वैतागून नाव ठेवलं, तर ते त्यांना पदवीसारखं आवडलं, आता बोला!

कायदा तसा चांगला हो. कुणाला काय होतंय ते चारचौघांत कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं. पण तो एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! पहिलं परिपत्रक आलं की बाहेर बसलेल्यांना नावाने हाक मारू नका. कलमरावांनी नंबर सुरू केले. लोकांना नंबरांची सवय होतेय न होतेय तोच दुसरं आलं की फाइलवरच्या नंबरावरूनही माणूस ओळखता येतो, तेव्हा नंबरही नकोत. कलमरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी एके दिवशी ते पुठ्ठ्याची कार्डं घेऊनच हजर झाले. प्रत्येक कार्डावर एक पक्षी! आल्या आल्या कार्ड उचलायचं आणि आपला पक्षी पुकारला की आत जायचं.

"मोर, आत या! पोपट, तुमची लघवीची बाटली टेबलावर राहिली!"

कलमरावांच्या शेजारच्या आजी गुडघ्यांसाठी यायच्या. बिचाऱ्या दोन्ही बाजूंना झुलत झुलत चालायच्या, आणि त्यांच्या हाती नेमकं बदक आलं. "बदक!" अशी हाक आल्याबरोबर त्या उठल्या त्या डॉक्टरांकडे न जाता थेट कलमरावांच्या टेबलावर.

"मेल्या, तुझ्या माझ्या घरात एक भिंत आडवी, आणि तू मला बदक म्हणतोस?"

"आजी, तुमच्याच भल्यासाठी आहे हे. आता तुम्ही कोण, ते इथे कुणालाही कळणार नाही."

"अरे, इथले सगळे मला ओळखतात!"

"ओळखत असतील. पण कायद्याने नाही!"

आजींनी कपाळावर हात मारून घेतला. त्या झुलत झुलत आत गेल्या, आणि बाकीचे पक्षी छताकडे बघत बसले.

मग कलमरावांनी भिंतीवर भला मोठा कागद लावला. 'इथे कोण आले, कोण आले नाही, हे कुणालाही सांगू नये. नवरा, बायको, सासू, शेजारी, कुणालाही! माहिती फोडणाऱ्याचे नाव याच भिंतीवर लावण्यात येईल.' कागद लावून झाल्यावर त्यांनी सिस्टरला आणि औषधं देणाऱ्या आप्पांना समोर उभं केलं.

"माझा बाप विचारायला आला तर?"

"सांगायचं नाही," दोघं म्हणाली.

"मी स्वतः विचारलं तर?"

आप्पा जरा घुटमळले. "तुम्हाला कसं नाही म्हणायचं?"

"तरीही नाही म्हणायचं! मी हातापाया पडलो तरी नाही! परीक्षा घेत असेन मी तुमची!"

तर मंडळी, आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा, हे शिकायचं असेल तर हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा.

त्या दिवशी सकाळी कलमराव आतल्या खोलीत ताजं परिपत्रक वाचत बसले होते. तीनदा वाचूनही डोक्यात काही शिरेना, म्हणून ते पाणी प्यायला बाहेर आले. आणि ग्लास तोंडाशी तसाच राहिला. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांची बायको बसली होती! सकाळी तर "बहिणीकडे जाऊन येते" म्हणाली होती. शेजारी आजी. आणि बायकोच्या हातात कार्ड. चिमणी!

"अगं, तू इथे कशी?"

बायकोने एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "मी आलेय हे तुम्हाला सांगितलेलं चालतं का?"

"अगं, पण मला दिसतेयस ना तू!"

"दिसण्याचं काही लिहिलेलं नाही त्यात. सांगायचं नाही, एवढंच लिहिलंय."

"काय होतंय तुला?"

"कोण विचारतंय? नवरा की मॅनेजर?"

"दोघंही!"

"मग दोघांनाही नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

तिचा चेहरा उतरलेला होता. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. कलमराव मनातल्या मनात हिशेब करू लागले. हे कधीपासून? आपण रोज हिच्यासमोर बसून जेवतो, आणि आपल्याला दिसलं नाही? परिपत्रकाच्या तळटिपासुद्धा आपण भिंगाने वाचतो, आणि बायकोचं तोंड नीट बघितलं नाही! तेवढ्यात सिस्टरने "चिमणी!" अशी हाक दिली आणि ती उठून आत गेली. दार लागलं.

दार जाड होतं. आवाज बाहेर येऊ नये म्हणून कलमरावांनीच ते बदलून घेतलं होतं.

ते सिस्टरच्या मागे लागले. "सिस्टर, चिमणीला काय झालंय?"

"कुठली चिमणी?" सिस्टर म्हणाली.

"आत्ता तुम्ही हाक मारलीत ती!"

"मी? कुणाला?"

"सिस्टर, माझी बायको आहे हो ती!"

"असेल साहेब. तुमचं लग्न झालंय, एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं मी सांगू शकत नाही." आणि मग दबक्या आवाजात, "पास झाले ना मी?"

"परीक्षा नाहीये ही!"

"मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात!"

बायको बाहेर आली. आप्पांनी तिच्या हातात खाकी पिशवी दिली, तोंडाला पिना मारलेली. आतलं औषध बाहेरून दिसू नये, ही युक्तीही कलमरावांचीच. त्यांनी आप्पांना कोपऱ्यात गाठलं.

"आप्पा, नुसती मान हलवा. गोळ्या आहेत?"

आप्पा मख्ख.

"इंजेक्शन? काही मोठं आहे का हो? मला भीती वाटतेय."

आप्पांचे डोळे पाणावले, पण मान काही हलेना. कलमरावांनी लगेच अर्थ लावला. एवढा कोरडा माणूस रडतोय म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर! (आप्पांना त्या दिवशी सर्दी होती. पण तेही सांगायला बंदी होती!)

तेवढ्यात कलमरावांना आठवलं. ताजं परिपत्रक! ते धावत आतल्या खोलीत गेले, कागद घेऊन धावत डॉक्टरबाईंकडे. "बाई, हे बघा! 'रुग्णाने हरकत घेतली नसेल तर जवळच्या नातेवाइकास सांगण्यास प्रत्यवाय नाही.' मी जवळचा आहे! माझ्याहून जवळचं कोण?"

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. "खाली वाचलंत? 'अंमल पुढील महिन्यापासून.'"

"पुढच्या महिन्यापर्यंत मी जगेन का?"

आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! कलमरावांचा मोबाइल वाजला. सकाळच्या परिपत्रकाचं शुद्धिपत्र. 'प्रत्यवाय नाही' या जागी 'लेखी संमतीशिवाय प्रत्यवाय आहे' असे वाचावे.

"मग बाई, आज नेमकं काय चालू आहे? जुनं, नवं की नव्यातलं दुरुस्त केलेलं?"

"मला काय माहीत? रोज तुम्हीच तर सांगता!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता बाहेर व्हा बघू. आत फक्त रुग्णांनी यायचं, हा तुमचाच नियम."

कलमराव बाहेर आले. मग टेबलापाशी गेले आणि त्यांनी डोळे मिटून एक कार्ड उचललं. घुबड!

"घुबड, आत या!" सिस्टर इमानदारीत ओरडली.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं.

"छाती धडधडतेय. हात थरथरतायत. बायकोला काय झालंय ते कळत नाहीये."

बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, ब्लड प्रेशर बघितलं आणि भुवया उंचावल्या. "झोप कशी लागते?"

"एकदम गाढ! पडलो की घोरतो."

"नुसतं घोरताच?"

"म्हणजे?"

"झोपेत बोलता का कधी?"

"मी? छे! माझ्या तोंडून जागेपणी काही फुटत नाही, तर झोपेत कुठून फुटणार? का हो? कोण म्हणालं असं?"

"ती माहिती गोपनीय आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि हसू लपवायला त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

कलमराव बाहेर आले ते पार बधिर होऊन. बायको दाराजवळ पिशवी घेऊन उभी. ते सरळ तिच्यासमोर गेले. सगळे बघतायत, न बघतायत, त्यांना कशाचीच पर्वा नव्हती.

"हे बघ, मला कायदा नको, कलम नको, काही नको. तुला काही झालं तर मी काय करू? एकदा सांगून टाक बाई, काय झालंय तुला?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो..." ती म्हणू लागली.

"अरे, तिला काय होणार आहे!" आजींना राहवेना. "तिला कित्येक रात्री झोप नाही रे! झालंय ते तुला!"

"मला? मला काय झालंय?"

"रात्रभर बडबडतोस! आधी कलमं म्हणतोस, मग परिपत्रकं, आणि पहाटेला कार्डं वाटायला लागतोस. 'मोर म्हणजे न्हावी, त्यांना मूळव्याध! पोपट म्हणजे बँकेतले साहेब, त्यांची साखर वाढलीये! बदक म्हणजे शेजारची म्हातारी, तिला गुडघे कमी आणि नाटकं जास्त!'"

कोपऱ्यात बसलेले न्हावी ताडकन उठले. मग का कोण जाणे, सावकाश, एका बाजूवर, परत बसले.

"आजी, तुम्हाला हे हिने सांगितलं?" कलमरावांनी कसंबसं विचारलं.

"ती पोर कशाला सांगेल? तोंडाला कुलूप तिच्या! मध्ये एकच भिंत आहे रे, आणि ती दवाखान्याची नव्हे, घराची! तिचे कान कापायचे राहिले तुझे!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरही परिपत्रक काढलं असतं," बायको डोळे पुसत म्हणाली. "आणि लोकांची दुखणी मला नको असताना कळायला लागली हो. बाजारात न्हावीदादा भेटले की मला त्यांच्याकडे बघवत नाही! म्हणून आले डॉक्टरबाईंकडे. त्यांनी हे दिलं."

तिने पिशवीच्या पिना काढल्या. आत कानात घालायचे बोळे होते. दोन जोड.

"दोन कशाला?"

"एक माझा," आजी म्हणाल्या.

कलमराव मटकन खुर्चीत बसले. बायको धडधाकट आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात आधी शिरलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते चक्क रडले. मग बाकीचं शिरलं. मग त्यांची नजर हळूहळू भिंतीवरच्या कागदाकडे गेली. सगळ्यांचीच गेली. आप्पांनी काही न बोलता त्यांच्यासमोर कोरा कागद आणि जाड पेन आणून ठेवलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! कलमरावांनी पेन उचललं. 'माहिती फोडणाऱ्याचे नाव' एवढं लिहिलं आणि ते थबकले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड पडला.

"बाई," त्यांनी दारात उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "आज मी रुग्ण म्हणून तपासून घेतलंय ना?"

"घेतलंय."

"म्हणजे माझं नाव इथे लावता येणार नाही. कलम आहे तसं!"

"आहे खरं," डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला.

कलमरावांनी पुढे एकच शब्द लिहिला आणि कागद भिंतीवर चिकटवला. 'माहिती फोडणाऱ्याचे नाव: घुबड.'

मग आजी झुलत झुलत जवळ आल्या, चष्मा वर करून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मेल्या, घुबड म्हणजे तूच ना रे?"

"ते सांगता येत नाही, आजी," कलमराव खाली मान घालून म्हणाले. "रात्री कळेलच तुम्हाला."