खंडेनवमीचा बार

खंडेनवमीच्या सकाळी दत्तोपंतांनी ठासणीच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्यापासून सोडवली, मोरीत बादलीत उभी केली आणि साबणाचं उकळतं पाणी तिच्यात ओतलं. गेल्या वर्षीचं तेल आत चिकट होऊन बसलं होतं. ते सुटून काळं पाणी वाहू लागलं, तसा त्यांचा चेहरा उजळला.

तात्यापारा या जुन्या वस्तीतल्या या घरात बंदूक भोसल्यांच्या काळापासून होती. शेवटचा बार कधी उडाला ते कोणालाच आठवत नव्हतं, पण पूजा कधी चुकली नव्हती. आजोबांनी ती धाकट्या घराकडे, म्हणजे दत्तोपंतांकडे, एका अटीवर दिली होती. दर खंडेनवमीला थोरल्या घराने येऊन नळीतून पांढरा रुमाल फिरवायचा. रुमाल गंजाने लाल निघाला की बंदूक आणि पूजेचा मान, दोन्ही थोरल्या घरी. थोरलं घर म्हणजे शंकर नगरातले चुलतभाऊ श्यामराव. ते दर वर्षी नवा रुमाल विकत घेऊन येत.

नळी राखायची रीत दत्तोपंतांच्या वडिलांनी त्यांना घोटून शिकवली होती. पाणी उकळतं हवं, म्हणजे लोखंड तापतं आणि ओल आपोआप उडते. उरलेली लगेच पुसायची आणि लगेच तेल द्यायचं. वडील 'लगेच' हा शब्द दोन्ही वेळा डोळे मोठे करून म्हणत.

दत्तोपंतांनी पुसायला फडकं उचललं आणि फोन वाजला.

"दत्ता, मी दुपारी येऊन राहिलो बरं," श्यामराव म्हणाले. "यंदा पाऊस लई लांबला. हवेत ओल आहे. गंजावर लक्ष ठेवजो."

"हव दादा, तेच करून राहिलो."

"नाही, ऐकून घे. गंज म्हणजे काय असते, दत्ता..."

वडीलधाऱ्या माणसाचा फोन मध्येच कसा ठेवायचा? श्यामरावांनी गंज म्हणजे काय असतं ते सांगितलं, मग घराण्याची इज्जत म्हणजे काय असते ते सांगितलं, मग आपल्या गुडघ्यांचं सांगितलं. दत्तोपंत मोरीकडे परत आले तेव्हा नळी थंड पडली होती आणि आत फिरवलेलं फडकं फिक्कट चहाच्या रंगाचं होऊन बाहेर आलं.

"लता!" ते ओरडले. "आणखी पाणी उकळव!"

"काहून? आंघोळ तर झाली तुमची," लताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"माझी नाही, हिची!"

दुसऱ्यांदा धुऊन झाल्यावर वाळवायचा प्रश्न आला. गच्चीत ठेवावी तर शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ अर्ध्या तासात आत जाऊन बसली असती. तेवढ्यात सून मीनल केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. ती सिलतऱ्यालाच एका पोलाद कारखान्यात नोकरीला होती आणि आज तिला सुट्टी होती.

"बाबा, आप पकडो, मैं हवा मारती हूँ."

नळी खडखडीत वाळली. आता फक्त तेल. दत्तोपंतांनी मशीनच्या तेलाची बाटली उघडली. ती रिकामी होती.

"झोपाळा लई कुरकुरत होता," लताबाई म्हणाल्या. "त्याले घातलं मी सगळं."

"अन् बंदुकीले काय घालू?"

"खोबरेल घाला. मी रोज डोक्याले लावते. गंजली का मी?"

यावर नवऱ्याने उत्तर देऊ नये एवढं दत्तोपंतांना कळत होतं. त्यांनी घाईघाईत हाताला लागला तो जाड टॉवेल फाडला, तुकडा खोबरेलात बुडवला, ठासायच्या गजाच्या टोकाला गुंडाळला आणि नळीत घातला. तो निम्म्यापर्यंत गेला आणि अडकला. त्यांनी ढकलला, तो तळाशी जाऊन घट्ट बसला. त्यांनी ओढला, तर गज बाहेर आला आणि कापड आतच राहिलं.

आणि तेव्हाच दाराची घंटी वाजली.

"दादा दुपारी म्हणाले होते ना?" दत्तोपंतांनी नळी उचलून मागच्या खोलीकडे धाव घेतली. "लता, दादाले खाऊ घाल! बसवून ठेव!"

लताबाईंनी श्यामरावांना बैठकीत बसवलं आणि पोह्यांची ताटली पुढे केली.

"पहिले रुमाल, मंग पोहे," श्यामराव म्हणाले.

"असं कसं श्यामदादा? नवमीचं उपाशी पोटी शस्त्राले हात नाही लावत."

हा नियम लताबाईंनी त्याच क्षणी तयार केला होता. श्यामरावांनी चमचा उचलला.

मागच्या खोलीत मीनल नळी न्याहाळत होती. नळीच्या बुडाशी बाजूला बारीक भोक होतं, पूर्वी बत्ती द्यायला. घरात त्याला कान म्हणत. मीनल धावत जाऊन गाडीच्या चाकात हवा भरायचं छोटं यंत्र घेऊन आली आणि त्याला फुटबॉलची सुई लावली. सुई कानात नेमकी बसली.

"बाबा, नळीचं तोंड उशीकडे करा. हाथ बिलकुल मत हिलाना."

यंत्र घरघरू लागलं. दत्तोपंतांनी नळी उशीवर रोखून धरली. काही होईना. हवेचा काटा चढत गेला, दत्तोपंतांचा श्वासही चढत गेला.

"काय आवाज आहे रे तो, दत्ता?" बैठकीतून श्यामरावांनी विचारलं.

"काही नाही, दादा!" म्हणत दत्तोपंत सवयीने आवाजाकडे वळले, आणि नळीही त्यांच्याबरोबर वळली.

'धप्प' असा आवाज झाला. टॉवेलचा गोळा उघड्या दारातून बैठकीत गेला आणि श्यामरावांच्या पोह्यांत उतरला. शेंगदाणे उडाले.

"बार उडाला!" लताबाईंनी टाळी वाजवली. "अहो, आपल्या बंदुकीचा बार उडाला!"

श्यामरावांनी चष्म्यावरचा कांदा पुसला, शांतपणे उठून मागच्या खोलीत येऊन खिशातून नवा रुमाल काढला आणि गजाला लावून नळीतून फिरवला. दत्तोपंतांनी डोळे मिटले. जाड टॉवेलने जाता-येता नळी अशी काही घासून काढली होती, की रुमाल गेला तसाच पांढरा बाहेर आला. श्यामरावांनी तो उजेडात धरला, उलटा केला, मग हुंगला.

"हे खोबरेल आहे?"

"वास येऊन राहिला, का गंज दिसून राहिला?" दत्तोपंतांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते दादांशी या सुरात बोलले.

श्यामराव खाली बसले. "गंज नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. "दत्ता, मी लवकर काहून आलो ठाऊक आहे? गाडीत तलवार आहे. थोरल्या घरची. म्यानातून निघूनच नाही राहिली. पुरी गंजली. मुहूर्त टळून राहिला, अन् सांगू कोणाले?"

दत्तोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं. पण ते "आणा," एवढंच म्हणाले.

चादरीत गुंडाळलेली तलवार आली. म्यानाच्या तोंडाशी तेच खोबरेल सोडलं. चहा होईपर्यंत ते मुरू दिलं. मग श्यामरावांनी म्यान पोटाशी धरलं, दत्तोपंतांनी मूठ पकडली आणि दोन्ही घरांनी आपापल्या बाजूला जोर लावला. आधी किरकिर झाली, मग करकर, आणि एकदम तलवार सुटली. श्यामराव रिकामं म्यान घेऊन दिवाणावर पडले. दत्तोपंत फरशीवर आदळले, पण हातातली तलवार उभी होती.

लताबाई निरांजन लावून आल्या आणि थबकल्या. "पहिले कोणाले ओवाळू?"

श्यामरावांनी म्यान बाजूला ठेवलं. "ज्याच्या हाती तलवार आहे, त्याले," ते म्हणाले. "अन् दत्ता, यापुढे दोन्हीची पूजा इथंच कर."

"उठा, पाटावर या," लताबाई म्हणाल्या.

दत्तोपंतांची कंबर धरली होती. पण हे सांगायची ही वेळ नव्हती. त्यांनी तलवार खांद्याला लावली आणि मान ताठ केली.

"बसल्या जागीच ओवाळ मले," ते म्हणाले.