किट्टूमामांची उलटतपासणी

किट्टूमामांना वेळ विचारली, तर ते घड्याळाकडे न बघता आधी विचारतात, “कशाला?”

तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, राजवाड्याजवळच्या मराठी गल्लीत त्यांचं लग्नाची भांडी भाड्याने देण्याचं दुकान आहे. तिथे पातेलं मागायला आलेला माणूस बिचारा वधूचं नाव, पंगतींची संख्या, आचाऱ्याचा स्वभाव असं सगळं सांगून मोकळा होतो. मग मामा विचारतात, “पोचा आला तर भरपाई कोणाची? मुलीकडच्यांची की मुलाकडच्यांची?” दोन्ही बाजूंनी ते कबूल केल्याखेरीज पातेलं हलत नाही.

त्यांची भाची सुभद्रा वकिलीच्या शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहिली. पास झाल्यावर तिने नोकरीसाठी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. प्रत्येक अर्जात एकच प्रश्न असे: कमर्शिअल लॉच का? चेन्नईच्या एका मोठ्या फर्मचा अर्ज तेवढा उरला होता. तोही गेला, तर गावी परतून वडिलांनी पाहिलेल्या मुलाशी लग्न, असं ठरलं होतं.

मी शेजारीण. कामाचे मुद्दे काढून देणं हा माझा स्वभाव. गुण, स्पर्धा, प्रशिक्षण असे मुद्दे काढून दिले. सुभद्राने उत्तराची सुरुवात मात्र आमच्या इथल्या मराठी लोकांसारखीच केली: आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे दक्षिणेत आले...

“पूर्वज नोकरीला जाणार काय?” मामा म्हणाले. “खोड ते. आता सांग, कशाला?”

“मामा, आय हॅव ऑल्वेज बीन...”

“मराठीत सांग. इंग्रजीत तू पाठ म्हणतेस.”

“मला न्यायाची आवड आहे.”

“मग खुनाचे खटले चालव. व्यापाऱ्यांच्यात कशाला?”

“जागतिक अर्थव्यवस्थेत...”

“ती आपल्या दुकानात कधी आली होती?”

“ऐयो मामा!” सुभद्रा उसळली. “तुमच्यामुळे! पातेल्याला पोचा आला, की व्याही एकमेकांचे गळे धरतील. पण तुम्ही आधीच ठरवून घेता, म्हणून ते शेजारी बसून जेवतात. भांडण व्हायच्या आत मिटवायचं, मला तेच काम हवंय. कोर्टाची पायरी चढायलाच लागू नये, असा करार लिहायचाय मला!”

मामांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “सेरी, ठीक आहे. हेच लिही.”

तिने तेच लिहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या वकीलबाईंनी विचारलं, “आणि पातेलंच हरवलं तर?” सुभद्राने हरवणं, चोरणं आणि व्याह्यांनी घरी नेणं यांतला फरक असा समजावला, की बाई हसून हसून खुर्चीला टेकल्या. नोकरी मिळाली! वडिलांनी मुलाकडच्यांना नकार कळवला आणि मामांनी सर्वांत मोठं पातेलं चुलीवर चढवून सगळ्या गल्लीला पायसम वाढलं. फटाकेसुद्धा उडवले.

सुभद्रा चेन्नईला गेली, त्या दुपारी मी त्यांची वाटी परत करायला गेले. मामा दुकानात नुसते बसून होते.

“जिंकलात की मामा!”

“जिंकलो तर! पोरगी वाघीण आहे.” मग ते म्हणाले, “पण कमला, तुझ्या पोरांना मराठी सगळं समजतं, तरी उत्तर तमिळमध्ये देतात. मराठीत उलटून बोलणारी ही एकच होती. आता मी भांडू कोणाशी?”

मला सांत्वन जमत नाही. मी म्हटलं, “उद्या सकाळी येते. तुमच्या पायसमात गूळ कमी होता, त्याबद्दल बोलायचंय.”

“उद्या?” मामांनी एक पातेलं उपडं करून माझ्यापुढे सरकवलं. “बैस इथे. आत्ताच्या आत्ता बोल. गूळ मी स्वतः घातला होता!”