पाटलांच्या रायफलीचा जड चाप

वसमतपासून गोरेगावपर्यंत भिंतीवर जे जे टिकटिकतं, ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. (तालुक्याच्या कचेरीतलं घड्याळ तेवढं सोडा. तीनदा उघडलं, तीनदा सव्वादहालाच अडलं.) म्हणून उत्तमराव पाटील रायफल घेऊन दुकानात आले, तेव्हा मी, मकबूल घड्याळजी, छाती काढून म्हणालो, "एवढंच? एका चहात मोकळा करतो चाप!"

चाप दोन बोटांनीही दबत नव्हता. आणि परवा कचेरीत, परवाने तपासणाऱ्या अमीनसाहेबांपुढे रायफल उडवून दाखवायची होती. नाही उडाली, तर परवाना रद्द आणि रायफल सरकारजमा.

पाटलांनी दार लोटलं. "व्यंकटरावाचं काम हाय हे. सख्खा चुलतभाऊ, पन डोळा परवान्यावर." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी त्याचंबी घड्याळ दुरुस्त करता, व्हय ना?"

स्क्रू पहिला. पाटलांनी तो उपरण्याच्या टोकाला बांधला. मी बदलीन म्हणून.

स्क्रू दुसरा. त्यांनी माझा हात हुंगला. व्यंकटराव अत्तर लावतात म्हणे.

चाप हलका करायचा स्क्रू. पाव फेरा सैल केला. चाप ढिम्म. अर्धा. ढिम्म. शेवटी इभ्रतीपायी पुरते दोन फेरे.

स्प्रिंग. दिसेना! मला वाटलं, मला चोर ठरवायला पाटलांनीच लपवली. पाटलांना काय वाटलं, ते त्यांच्या मिशीवर दिसत होतं. निघाली जागच्या जागी, एका पिवळ्या-तांबड्या खड्यात गाडलेली.

खडा खरवडून हुंगला. हळद. कुंकू. वाळून गोंद झालेलं करडईचं तेल.

"पाटील, दसऱ्याला हिची पूजा कोण करतं?"

पाटलांनी उपरण्याची गाठ सोडून स्क्रू माझ्यापुढे ठेवला.

"आमच्या घरातून. पार्वतीबाई. अकरा वर्सं झाली. नळीकडं जायला भेतात, म्हनून समदं चापावरच वाहतात." मग खालच्या आवाजात, "व्यंकटरावाला बोलू नका, मकबूलभाई."

रॉकेलनं धुतलं. स्प्रिंग, स्क्रू दुसरा, स्क्रू पहिला. चाप लोण्यासारखा.

या यादीत काय राहिलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. ते दोन फेरे.

कचेरी. माझं कौतुक ऐकायला मीही गेलो. पाटलांनी बोल्ट मागे ओढून गोळी भरली आणि सवयीप्रमाणे दस्ता जमिनीवर आपटून अमीनसाहेबांना सलाम ठोकला. चापाला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

धडाम!

छपराचं कौल फुटून घड्याळावर कोसळलं. सगळे आडवे. मी तर पाटलांच्याही खाली. आणि त्या शांततेत एक आवाज येऊ लागला. टिक. टिक. टिक.

अमीनसाहेब टेबलाखालून निघाले. आधी छपराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"चाप कसून आणा, पाटील. परवाना कायम." मग शिपायाला म्हणाले, "और सुनो, आइंदा घड़ी बंद पड़ी तो पाटील को बुलाना. मकबूल को नहीं."