टायपिंगवाल्या आत्याचा बेंजो

माझी सुशाआत्या माणसाच्या तोंडाकडं नंतर बघते, आधी बोटांकडं. माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगा देखणा होता, नोकरदार होता. पोहे खाऊन तो गेल्यावर आत्या म्हणाली, "करंगळी आळशी हाय पोराची. काय कामाचा न्हाई." आम्ही हसलो. पुढं तोच आमचा दाजी झाला. आता आत्याचं म्हणणं खोटं म्हणवत नाही.

कोरेगावात बाजारपेठेच्या मागं तिचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातले निम्मे कारकून तिच्या हाताखालून गेले. कॉम्प्युटर आला, क्लास बंद पडला, पण शिकवायची खोड काही गेली नाही. कुणी अंगठ्यानं मेसेज लिहिताना दिसला की ती हटकते, "देवानं धा बोटं दिल्यात, बाकीची वाळत घातल्यात व्हय?"

तिचं हाडवैर होतं ते फक्त बेंजोशी. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या, असं ते वाद्य. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ बाळू, ते वरातीत वाजवायचे. त्यांच्या बेंजो पार्टीशिवाय पंचक्रोशीत कुणाला हळद लागत नव्हती. पण तालीम चालायची क्लासला लागून असलेल्या खोलीत. क्लासच्या पोरी वरातीच्या ठेक्यावर टाइप करायला लागायच्या. आत्या भिंतीवर पट्टी आपटायची, वडील आणखी जोरात वाजवायचे. मग दोघं महिनोन् महिने एकमेकांशी बोलायची नाहीत. डीजे आला, पार्टी मोडली, बेंजो माळ्यावर गेला. त्या दिवशी आत्यानं पेढे वाटले.

गेल्या वर्षी वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ जड झाली. भिंतीकडं तोंड करून ते दिवसभर पडून राहायचे. आत्या रोज यायची, त्यांच्या बोटांकडं बघत बसायची आणि उठून जायची. एक दिवस ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि बेंजो काखेत मारून घरी गेली. आई म्हणाली, आता जाळतीय बघ.

जाळला नाही. खालची फळी वाळवीनं खाल्ली होती, ती तिनं सुताराकडून नवी बसवून घेतली. तारांसाठी एसटीनं मिरजेला गेली. तिथल्या दुकानदारानं सांगितलं, की एवढ्या जुन्या बेंजोची बटणं आता मिळत नाहीत, नवाच घ्या. आत्यानं तारा तेवढ्या घेतल्या आणि परत आली. मग जो मराठी टाइपरायटर तिनं आम्हाला कधी पुसूही दिला नव्हता, तो स्वतः खोलला आणि त्याच्या स्प्रिंगा, त्याची बटणं बेंजोला चढवली. आमच्या बेंजोत 'सा'च्या बटणावर 'क' आहे आणि 'प'च्या बटणावर 'ह'. असा बेंजो साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगतो.

तिनं तो वडिलांपुढं ठेवला तेव्हा वडिलांनी आपल्या लुळ्या हाताकडं बघितलं आणि मान फिरवली.

"बटणं डाव्या हातानं दाबत्यात," आत्या म्हणाली. "तारा मी छेडते."

वडिलांनी बऱ्याच वेळानं शब्द जुळवले. "आक्का, तुला... येतंय?"

"न्हाई. तू शिकीव."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. आत्या ठेका चुकायची, वडील चिडायचे, आणि चिडायला शब्द लागतात म्हणून हळूहळू त्यांची जीभ सुटत गेली. सगळ्या तालुक्याला धाकात ठेवलेली माझी आत्या खाली मान घालून ऐकून घ्यायची. आईला वाटतं, ती मधेमधे मुद्दाम चुकते. मी विचारलं, तर तिनं मला चहा टाकायला पाठवलं.

परवा शेजारच्या हळदीला दोघं वाजवायला बसली. मांडवात डीजे बंद करायला लावला होता. लोक आत्याचं कौतुक करायला लागले, तशी ती म्हणाली, "वाजवणारा त्यो हाय. मी नुसती तार हलवतीय."

वडील डाव्या हातानं बटणं दाबत होते, ती उजव्या हातानं छेडत होती. आणि त्यांचा लुळा हात तिनं आपल्या डाव्या हातात घेतला होता. गाणं संपलं, लोक जेवायला उठले, तरी तो तिनं सोडला नव्हता.