मामा असं म्हणाले की

‘मी बोलतो’ एवढं म्हणालो नसतो, तर माझ्या मेव्हण्याचं लग्न मोडता मोडता वाचलं नसतं. म्हणजे मोडायलाच आलं नसतं. (बावीस वर्षं शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवतोय, पण घाबरलो की वाक्यं अशी उलटी पडतात.)

माझ्या बायकोच्या, अडवोआच्या, धाकट्या भावाने, यॉने, बेक्वाई गावची सेरवा पसंत केली होती. शनिवारी आम्ही तिच्या घरी दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला जाणार होतो. अशा वेळी वडीलधारे स्वतः तोंड उघडत नाहीत. दोन्ही घरांचा एकेक बोलणारा असतो. मोठ्यांनी त्याच्या कानात सांगायचं, त्याने उभं राहून बोलायचं. आमच्या बोलणाऱ्याचा घसा नेमका शुक्रवारी बसला.

“मी बोलतो,” मी म्हणालो. “एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं, एवढंच ना? डायरेक्टचं इनडायरेक्ट! माझा तर पोटापाण्याचा धंदाच तो.”

“मास्तर, ते वर्गात. इथे माणसं असतात,” अडवोआ म्हणाली.

“मग वर्गात काय माकडं असतात?”

“रोज घरी येऊन तुम्हीच तसं सांगता.”

यॉ बिचारा माझे हातच धरून बसला. “भावोजी, तिच्या वडिलांनी याआधी दोघांना परत पाठवलंय. सेरवा नाही मिळाली तर मी कामातून गेलो हो.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. काळजी करू नकोस, म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.

वाटेत गाडीचं टायर फुटलं आणि आम्ही तीन तास उशिरा पोचलो. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये जेमतेम चार पावलं. आमच्याकडून यॉ, अडवोआ आणि त्यांचे बेडियाको मामा, मामांच्या पायाशी मागणीच्या दारूच्या दोन बाटल्या. समोर सेरवाचे वडील नाना आद्दाई, हातात काठी. त्यांच्या शेजारी त्यांच्या बोलणाऱ्या मामे कोनादू (‘मामे’ म्हणजे आई; मोठ्या बायकांना तसंच म्हणतात). सत्तरीच्या, मूठभर बाई.

नाना म्हणाले, “तीन तास? झोपा काढत होते की काय?”

मामे कोनादू उठल्या. “नाना म्हणतात, वाटेत काही अडचण तर नाही ना आली? त्यांना काळजी लागून राहिली होती.”

चूक! साफ चूक! माझ्या वर्गात बाईंना शून्य मिळालं असतं. इनडायरेक्ट करताना ‘आज’चं ‘त्या दिवशी’ होतं, ‘इथे’चं ‘तिथे’ होतं, पण अर्थाला कुणी हात लावतं का?

एवढ्यात मामा माझ्या कानाशी वाकले. “सांग त्या म्हाताऱ्या बोकडाला, आधी आपल्या गावचा रस्ता नीट कर म्हणावं.”

मी उभा राहिलो. कोट सावरला.

“आमचे मामा असं म्हणतात, की त्या म्हाताऱ्या बोकडाने आधी आपल्या गावचा रस्ता नीट करावा.”

(आहे काही चूक? दाखवा.)

दोन्ही रांगांतली डोकी माझ्याकडे वळली. मामांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं कानातलं बोलणं पलीकडच्या आळीत जातं. नानांनी ते आधीच ऐकलं होतं आणि तरी ते शांतपणे आंब्याच्या झाडाकडे बघत बसले होते. कारण बोलणाऱ्याने सांगितलं नाही तोवर ते कुणी बोललेलंच नसतं. हे मला तेव्हा कळलं.

नाना काठी उगारून उठले. “उचला त्या बाटल्या आणि चालते व्हा! आणि त्या गाढवाला आधी बाहेर काढा!”

यॉने डोक्याला हात लावला. दाराच्या पडद्याआड सेरवा रडायला लागली. आणि मला, खरं सांगतो, माझ्या डिग्रीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

मामे कोनादू मात्र सावकाश नानांकडे वळल्या.

“नाना, पाहुणे काय म्हणाले ते मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. ते म्हणतात, रस्ता अवघड आहे, तरी आम्ही आलो. दोन घरं एक झाली की रस्ता आमचाही होईल, मग मिळून नीट करू. आणि बोकडाचं म्हणाल तर लग्नाच्या जेवणाला म्हातारा नको, कोवळा बघा, एवढंच त्यांचं म्हणणं.”

मग आमच्याकडे वळल्या. “नाना म्हणतात, बाटल्या खाली का? उचला आणि पुढे या. मास्तर दमलेत, त्यांना आधी बाहेर सावलीत बसवा.”

नानांची काठी हळूहळू खाली आली. “असं म्हणालो मी?”

“असंच म्हणालात.”

“बरं,” म्हणून नाना बसले.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नानांच्या बोलण्यातही बाटल्या उचलायच्याच होत्या, मला बाहेर काढायचंच होतं, बाईंनी काहीही टाकलं नव्हतं, आणि तरी मोडलेलं लग्न जुळलं होतं. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी बाहेर सावलीत गुपचूप बसलो. बाटली उघडायची का, म्हणजे मागणी मान्य आहे का, असं सेरवाला रीतीप्रमाणे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिचं ‘हो’ रस्त्यापर्यंत ऐकू आलं. माझे डोळे भरून आले.

निघताना मी मामे कोनादूंच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत अडवोआला म्हणाल्या, “लग्नात या ठोंब्याला फक्त घास घालायला तोंड उघडू दे. एक शब्द निघाला तर बाभळीला बांधीन.”

अडवोआ माझ्याकडे वळली. “मामे म्हणतात, लग्नात मास्तरांनी पोटभर जेवावं, बाकी कसलीही तोशीस घेऊ नये.”

मी अर्थातच काही ऐकलेलं नव्हतं. मान तुकवून म्हणालो, “त्यांना सांग, या आदराबद्दल मी फार आभारी आहे.”

अडवोआ पुन्हा त्यांच्याकडे वळली.

“मास्तर म्हणतात, चुकलो.”