दुप्पट वेगाची ओवी

“एका वेळी एक रे, कण्णा,” असं चंद्रमती अत्या लाडानं म्हणायची. तेव्हा लहानग्या वरुणरावांच्या एका हातात इडली असे, दुसऱ्यात भोवरा. तो आवाज त्यांना अजून ऐकू येतो. दुसरं काही चालू नसलं तर.

मनुष्यजात मागासलेली होती तेव्हा ती एका वेळी एकच काम करी, हे आता सर्वमान्य आहे. तंजावुरात या मागासलेपणाचं निर्मूलन वरुणरावांनी स्वगृहीच हाती घेतलं. विमा कचेरीची बैठक लॅपटॉपवर, भाताचा भाव मोबाईलवर, क्रिकेट टॅबवर आणि पत्नी वरलक्ष्मी समोर. प्रत्येकास पंचवीस टक्के लक्ष. (मोबाईल वाजला की वजावट वरलक्ष्मीच्या खात्यातून.)

पुढे लेकीचं, नित्याचं लग्न ठरलं. नवरी निघताना म्हणायची ओवी घराण्यात आता एकट्या अत्येला येत होती. ती गेली की ओवी गेली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून देवनागरी वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे लिहून घ्यायचा प्रश्नच मिटला. अत्येनं गावाहून एकेक कडवं गाऊन मोबाईलवर पाठवावं आणि सर्वांनी पाठ करावं, असं ठरलं.

पहिलं आलं:

*कावेरीच्या पाण्या, सावकाश वाहा,*
*लेक निघाली सासरी, वळून एकदा पाहा.*

वरुणरावांनी ते सिग्नलला स्कूटरवर बसून दुप्पट वेगानं ऐकलं. त्या वेगात कावेरी जरा घाईत वाटते, पण वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

दुसरं आलं:

*पुढलं काही बाई, मला आठवेना,*
*सांगा गं कोणी तरी, कोणीच सांगेना.*

पुन्हा हात. बंगळूरच्या भाचीनं, नंदितानं, हातांसोबत अश्रूही पाठवले. (आपणही ते आत्ता वाचलंत. चाल गोड आहे.)

अत्येनं तेच पुन्हा पाठवलं. मग पुन्हा. कुटुंबानं ते ध्रुवपद समजून जास्तीचे हात जोडले.

लग्न झालं. नित्या मांडवाच्या दाराशी थांबली. पाठ कोणालाच नव्हतं. पण सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होतं, म्हणजे होतंच.

“अत्या, तूच म्हण,” वरुणराव म्हणाले आणि चित्रण सुरू केलं.

अत्येनं पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं आणि ती गप्प झाली. सवयीनं सगळ्यांनी हात जोडले, या वेळी खरेखुरे.

“पुढे, अज्जी?” नित्यानं विचारलं. तिचा पाय उंबऱ्यावर तसाच होता.

अत्येनं वरुणरावांच्या हातातला मोबाईल हलकेच खाली केला.

“पुढलं आठवत नाही रे, कण्णा. पहिलंच तेवढं गाणं. दुसरं मी तुम्हाला विचारत होतें. साधं बोललें तर कोण ऐकतंय, म्हणून चालीवर विचारलें.”