सर्टिफाइड मनोहर

माझ्या चक्कीत एकदा साप निघाला. दळणाच्या डब्यांमागून दोन हात लांबीचं काहीतरी काळपट सरकताना दिसलं आणि मी जी किंचाळले, ती बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असेल. भिंतीला भिंत लागून राहणारा मनोहर रामटेके धावत आला. हातात काठी नाही, काही नाही. उंबऱ्यात उभा राहून शांतपणे म्हणाला, "ताई, घाबरू नका. चार पर्याय हायेत. अ, नाग. ब, धामण. क, कवड्या. ड, यापैकी नाई."

"अरे बाबा, हाकल ना त्याला!"

"थांबा जी. आधी दोन चुकीचे उडवायचे. फणा नाई, म्हणजे अ गेला. पट्टे नाई, क गेला. आता दोनच राह्यले."

दोघांचा निकाल लागायच्या आत साप भिंतीच्या भोकातून निघून गेला. मनोहर मात्र खूश. "ब असन. धामण," म्हणाला आणि पेपर सोपा गेल्यासारखा घरी गेला. मी पुढचे दोन दिवस स्टुलावर उभी राहून दळण दळलं.

तर असा हा मनोहर. सिंदेवाहीत त्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. चहा घेतोस का विचारलं तर म्हणणार, "अ, आत्ता. ब, थोड्या वेळानं. क, साखर कमी. ड, वरील सर्व." एकदा चामोर्शीला मुलगी पाहायला गेला. कांदेपोहे आले, मुलगी आली, आणि या शहाण्यानं तिला विचारलं, "तुम्ही पाच वर्षांनी स्वतःले कुठी पाहता?" मुलगी म्हणाली, "इथी तं नाईच." उठून आत गेली. लग्न काही जमलं नाही, आणि पुढे त्यानं तो विषयही काढला नाही.

वाचून तुम्ही म्हणाल, डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. मीही तेच म्हणायचे. पण याच डोक्यानं त्यानं काय काय केलं तेही ऐका.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देऊ लागला. दुकानातला कॉम्प्युटर दर आठवड्याला मान टाकायचा आणि दुरुस्तीवाला ब्रह्मपुरीहून यायचा, तोही चार फोन केल्यावर. एक दिवस वैतागून यानंच पेचकस घेतला आणि डबा उघडला. तिथंच बिघडला, कॉम्प्युटर नाही, मनोहर. कुठूनतरी कळलं की कॉम्प्युटर दुरुस्तीची जगभर चालणारी एक परीक्षा असते, डिग्री लागत नाही. नागपूरला जाऊन ती देऊन आला. कागद लॅमिनेट करून दुकानात टांगला. महिन्याभरात शाळा, पतसंस्था, दवाखाने, सगळ्यांची मशीनं त्याच्या दारात.

मग नेटवर्किंगची परीक्षा. एकदा नापास, एकदा पास. त्या कागदावर नागपूरच्या एका कंपनीनं त्याला कंत्राटावर घेतलं. काम घरी बसून. कुठं बंगलोरच्या ऑफिसातलं मशीन बंद पडलं की हा आमच्या गल्लीत बनियनवर बसून ते चालू करणार.

"डिग्री नाई म्हणून सारे हसत होते ना ताई? आता कोणी डिग्री विचारत नाई. कागद पाहते आन काम सांगते."

आता इंजिनीअर झालेली पोरं त्याला सल्ला विचारायला येतात. त्यांना तो एकच सांगतो, "आधी तारीख घ्या, मंग पुस्तक घ्या." म्हणजे परीक्षेची तारीख आधी ठरवून टाकायची, मग अभ्यासाला बसायचं. तारीख नसली की माणूस नुसता तयारीच करत राहतो म्हणे. मी सात वर्षं स्कूटर शिकत होते. लायसन्सच्या टेस्टला जायची छाती होत नव्हती. यानं मला न विचारता माझी तारीख काढून टाकली. शिव्या दिल्या मी त्याला, तोंड भरून दिल्या, आणि पहिल्या फटक्यात पास झाले. तेव्हापासून मला त्याच्यावर फार रागावता येत नाही.

मूल गावाच्या रस्त्यानं परत येताना एकदा त्याच्या गाडीसमोर वाघ येऊन बसला. अलीकडे चार ट्रक, पलीकडे एक एसटी, सगळे काचा लावून गप्प. हा आपला बाइकवर, उघड्यावर. ट्रकवाल्यानं त्याला ओढून केबिनमध्ये घेतलं. पाऊण तास वाघ उठला नाही. तो ट्रकवाला मला पुढे दळणाच्या गिऱ्हाइकाबरोबर भेटला, म्हणाला, "बाई, तुमचा शेजारी वाघाकडं पाहून आकडे म्हणून राह्यला होता. मले वाटलं मंत्र हाय." मनोहरला विचारलं तर म्हणे, रिकामा वेळ होता, पेपरातल्या आकड्यांची उजळणी केली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग त्याच्या आईचं दुखणं वाढलं.

त्याच्या आईला मी मावशी म्हणते. तिला हळूहळू विसर पडत गेला. आधी वस्तू, मग दिवस, मग माणसं. मला कधी ओळखायची, कधी तिच्या माहेरची कोणी समजायची. तिला एकटं सोडायची सोय राहिली नाही. डॉक्टरकडे नागपूरला नेलं तर तीन दिवस "घरी ने, घरी ने" म्हणून रडली. आणि नेमकं तेव्हाच कंपनीनं मनोहरला सांगितलं, दिवाळीच्या आत कॉम्प्युटर सिक्युरिटीची परीक्षा पास हो. झालास तर कायमची नोकरी, काम घरूनच. नाही झालास तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल, नाहीतर कंत्राट संपलं. मावशीला पुण्याला नेणं म्हणजे तिला जिवंतपणी हरवून टाकणं. त्यामुळे या वेळचा पेपर नुसता कागदासाठी नव्हता.

नागपूरला जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरूनच परीक्षा द्यायची ठरली. तशी सोय असते. पण तिचे नियम ऐका. खोली रिकामी हवी. दार बंद हवं. दोन तास कोणी आत यायचं नाही, कोणाचा आवाज नको, आपण तोंडातून शब्द काढायचा नाही. कुठून तरी लांबून एक माणूस कॅमेऱ्यातून आपल्याकडे टक लावून पाहत बसतो. त्यानं कॅमेरा फिरवायला लावला आणि विचारलं, मागं ते काय आहे? मागं धानाची पोती होती. काढा म्हणाला. सगळी पोती माझ्या चक्कीत आली.

पहिल्या खेपेला आमच्याच गल्लीनं घात केला. आमच्याकडे भरदुपारी घराचं दार बंद नसतं. बंद दिसलं की त्याचा अर्थ एकच, आत कोणाचं तरी काही बरंवाईट झालं. आधी एक बाई थांबली. मग तिघी. मग कोणीतरी म्हणालं, म्हातारी गेली वाटते. कोणीतरी डोळ्याला पदर लावला. मी चक्कीतून बाहेर येईपर्यंत दोघा गड्यांनी खांदा लावून दार उघडलं होतं आणि मनोहर खुर्चीत बसून हात जोडत होता. पेपर रद्द.

दुसऱ्या खेपेला त्यानं दारावर पाटी लावली : "पेपर सुरू आहे. घरातले सगळे जिवंत आहेत." मी चक्की बंद ठेवली. मावशीपाशी मी बसणार, असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. मावशी पडवीत खाटेवर, मनोहर आतल्या खोलीत.

तासभर बरा गेला. मग मावशी कुशीवर वळली आणि हाक मारली, "राजू!"

राजू म्हणजे मनोहरचा थोरला भाऊ. हुशार, देखणा, आमच्या गल्लीतून पुण्याला नोकरीला गेलेला पहिला पोरगा. तिथंच रस्त्यावर अपघातात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं, पोरगा आठवला बिचारीला. मी हात धरला. "काय पाहिजे मावशी? पाणी देऊ?"

"राजू कुठी हाय? ए राजू!"

"येऊन राह्यला, मावशी. तुम्ही पडा."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाय खाली टाकले, आवाज चढला. "राजूऽऽ!"

आणि आतून आवाज आला, "ओ माय! आलो!"

मावशी तिथल्या तिथं शांत झाली. उशीवर डोकं टाकलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहते मी, पण सकाळी सातपासून माझी चक्की घरघरत असते. त्या घरात काय बोललं जातं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

थोड्या वेळानं मनोहर बाहेर आला. "गेला पेपर," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. "अरे, एक तास राहिला होता! मी होते ना इथं? गप्प बसता येत नव्हतं?"

"ओ नाई दिली तं माय शोधाले निघते, ताई. एकदा कालव्यापर्यंत गेली होती." त्यानं मावशीला पाणी पाजलं.

"राजू, जेवला का रे?"

"जेवलो, माय."

दोन दिवसांनी परीक्षावाल्यांचा मेल आला. पेपर रद्द झाला तो बोलल्यामुळे, पण शंका वेगळीच होती. ओळखपत्रावर नाव मनोहर. हाक कोणा राजूला मारली गेली, आणि उत्तर या माणसानं दिलं. मग परीक्षेला बसलेला हा खरा कोण? दुसऱ्याच्या नावावर कोणी तोतया तर बसला नाही? पुरावा द्या, नाहीतर यापुढे कुठलीच परीक्षा देता येणार नाही.

मनोहर माझ्याकडे आला तो चक्की चालू असताना. त्याची ती जाडी फाइल काखेत. पानोपानी प्लास्टिकच्या पाकिटात त्याचे कागद, हार्डवेअरचा, नेटवर्किंगचा, आणखी छोटे-मोठे आठ-दहा. सगळ्यात शेवटच्या पाकिटातून त्यानं एक कागद काढून माझ्यापुढे धरला. राजूच्या मृत्यूचा दाखला.

"हा पाठवा लागते. आन शेजारी म्हणून तुमची सही पायजे. घरी बोलता येत नाई हे, मायले ऐकू जाईन."

"कधीपासून तू राजू होऊन राहिला आहेस?" मी विचारलं.

"पह्यले खरं सांगतलं होतं मी मायले. राजू गेला म्हणून. आत्ताच बातमी आल्यावाणी रडली. दुसऱ्या दिवशी विसरली, आन पुन्हा विचारलं. पुन्हा सांगतलं, पुन्हा तेवढीच रडली." तो दाखल्याकडे पाहत राहिला. "रोज रोज किती खेपा मारू त्याले, ताई?"

मला रडू आवरेना. कोणाची तरी ज्वारी डब्याबाहेर सांडत होती, तेही मला दिसलं नाही. मी त्याला वेडा म्हणत आले होते, त्याची मला फार लाज वाटली.

इंग्रजीत अर्ज त्यानंच लिहिला. दाखला, डॉक्टरची चिठ्ठी आणि खाली माझी सही, मराठीत, शोभा बोरकर, चक्कीवाली. आठ दिवसांनी उत्तर आलं. शंका मिटली आहे. आईनं हाक मारल्यास परीक्षार्थीनं तेवढ्यापुरती ओ द्यायला हरकत नाही. मी मनोहरला म्हटलं, जगात चांगली माणसं आहेत रे. तो म्हणाला, "हायेत ना. अर्जाले कागद जोडले का भेटतात."

तिसऱ्या खेपेला गल्लीतल्या बायांनी आपणहून पोरांना लांब पिटाळलं. मावशीनं कितीदा हाक मारली कोण जाणे, दर वेळी आतून "ओ माय" येत गेली आणि दर वेळी ती शांत होत गेली. दोन तासांनी मनोहर बाहेर आला. पास. दिवाळीला अजून अठरा दिवस होते. मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की कळवळला, आणि चक्कीवर येईल त्याला त्या दिवशी मी पेढा दिला.

कागद आला तेव्हा त्यानं तो लॅमिनेट करून आणला आणि मावशीच्या हातात दिला. मी तिथंच होते. मावशीला वाचता येत नाही. तिनं त्या गुळगुळीत कागदावरून, मोठ्या अक्षरातल्या मनोहरच्या नावावरून हात फिरवला.

"पास झाला का, राजू?"

"झालो, माय."

मला राहवलं नाही. "मावशी, हा..." म्हणून मी तोंड उघडलं. मनोहरनं माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

मावशीनं कागद मनोहरच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "मनोहरले दाखव हा. लहान हाय तो, नुसता गल्लीत फिरते. त्याले म्हन, तूही शिक काहीतरी."

"हव, माय," मनोहर म्हणाला. "सांगतो त्याले."